धाराशिवचे पांढरे ठिपके

धाराशिवला चालले आहे असं कॉलेजात सांगितलं आणि माझी पंचाईत झाली. जो तो माझ्या हातात नारळ द्यायला लागला. ऑफिसातल्या जोशीबाईंनी खण दिला, प्रयोगशाळेतल्या एकानं ओटीचं सगळं सामान बांधून आणलं. धाराशिव म्हणजे तुळजापूर, आणि तिकडं जाणारा माणूस देवीलाच चाललेला असणार, याबद्दल कुणाच्या मनात शंकाच नव्हती. मी ठिपके बघायला चालले आहे असं सांगून पाहिलं, तर आधी डोळे तपासून घ्या असा सल्ला मिळाला. शेवटी लॅपटॉप एका खांद्याला आणि नारळांची पिशवी दुसऱ्या हाताला अशी मी निघाले.

ठिपक्यांची गोष्ट अशी. मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. छातीचे एक्स-रे बघून त्यातल्या शंकास्पद जागेभोवती चौकट काढणारा एक प्रोग्राम मी आणि माझे विद्यार्थी काही वर्षं तयार करतो आहोत. निदान डॉक्टरांनीच करायचं. ढीगभर फिल्म समोर असताना आधी कुठली बघावी, एवढंच आमचा प्रोग्राम सुचवतो. धाराशिवच्या एका डॉक्टर मित्रानं नावंगावं काढून आम्हाला तिकडचे एक्स-रे पाठवायला सुरुवात केली. फिल्म खिडकीला धरून फोननं काढलेले ते फोटो होते, त्यामुळे जरा धूसर. आणि आमचा प्रोग्राम बिथरला. कितीतरी बायकांच्या फोटोत, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला त्याला पांढरे लांबट ठिपके दिसायला लागले. त्या बायकांना डॉक्टरांनी स्वतः तपासलं होतं. सगळ्या ठणठणीत होत्या. आणि पुरुषांच्या फोटोत असा एकही ठिपका नव्हता.

माझ्यापेक्षा या ठिपक्यांची काळजी रेहानाला जास्त होती. रेहाना नळदुर्गची. एम.ई. झालेली, तिकडच्याच एका तंत्रनिकेतनात शिकवते, आणि माझ्याकडे पीएच.डी. करायचं म्हणून हटून बसलेली. या प्रवेशाला पदव्युत्तर परीक्षेत ठरावीक टक्के लागतात, ते तिच्याकडे होते. प्रवेश परीक्षा पास व्हावी लागते, तीही झाली होती. त्यानंतर समितीपुढे मुलाखत असते आणि तिथं स्वतःचा संशोधन प्रस्ताव मांडावा लागतो. गाडी अडली ती इथं. आमचाच प्रोग्राम आणखी वेगानं कसा चालवता येईल, असा प्रस्ताव तिनं मांडला होता. समितीच्या अध्यक्षांना आम्ही सगळे मोठे सर म्हणतो. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "चांगलं आहे, पण यात तुमचं काय आहे?" रेहानाला उत्तर देता आलं नाही. प्रस्ताव परत आला. जानेवारीच्या अखेरीला आणखी एक संधी होती, आणि तीही हुकली तर तिच्या प्रवेश परीक्षेचे गुण बाद होऊन सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागणार होतं. मग तिनंच फोन केला. म्हणाली, "मॅडम, ठिपके आमच्याकडचे आहेत, तर बघायलाही इकडंच यायला पाहिजे." फोन ठेवला आणि मी बॅग भरायला घेतली.

धाराशिव

मी मूळची चिपळूणची. डोंगर आणि झाडं नसली तर मला उघड्यावर बसल्यासारखं वाटतं. इथं पहाटे बसमध्ये डोळे उघडले तर खिडकीबाहेर नुसतं आभाळ. खाली काळीभोर जमीन, कणसं धरलेली ज्वारी, मध्येच तुरीचे पट्टे, आणि नजर जाईल तिथपर्यंत तिला अडवायला काही नाही. थंडी मात्र कडक. स्टँडवर रेहाना शाल गुंडाळून उभी होती. तिनं मला आधी सुशीला खायला नेलं. म्हणजे फोडणी दिलेले ओले चुरमुरे, वर शेंगदाण्याची चटणी. मी कोकणातल्या सवयीनं चटणीचा मोठा घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. दुकानदारानं न सांगता गुळाचा खडा पुढं केला, त्याला बहुधा असल्या पाहुण्यांची सवय असावी.

एक्स-रे सेंटर एका गल्लीत, माने नावाच्या तंत्रज्ञांचं. बोलका आणि हौशी माणूस. माझी खात्री होती की दोष यंत्राच्या, छाती टेकवतात त्या पाटीवर आहे, कुठला तरी डाग प्रत्येक फोटोत उमटत असणार. रेहानाला ते पटत नव्हतं, कारण मग पुरुषांच्या फोटोतही तो दिसायला हवा होता. मी म्हटलं, पैज लावू या, हरेल त्यानं जेवण द्यायचं. मान्यांनी समोर कुणालाही उभं न करता एक कोरा फोटो काढला. तो धुतलेल्या पाटीसारखा स्वच्छ निघाला.

दुपारचं जेवण अर्थातच माझ्याकडं लागलं. या भागातल्या बोकडाचं मटण नावाजलेलं आहे, त्याचा काळा रस्सा आणि ज्वारीची भाकरी. पैज हरल्याचं दुःख दुसऱ्या भाकरीपर्यंत टिकलं नाही. पण कोडं होतं तिथंच होतं. संध्याकाळपर्यंत आम्ही सेंटरच्या बाकावर बसून राहिलो. बायका पडद्याआड जात, अंगाभोवती चादर लपेटून यंत्रापुढं उभ्या राहात. माने काचेपलीकडून, नजर खाली ठेवून, प्रत्येकीला तेच सांगत, "छातीवर काही ठेवायचं नाही बरं का. श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." मला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. रेहानाचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

तेर

दुसऱ्या दिवशी आम्ही तेरला जाणारी एस.टी. धरली. ज्या बायकांच्या फोटोत ठिपके होते, त्यांच्यापैकी कुणी भेटायला तयार आहे का हे डॉक्टरांनी आधीच विचारून ठेवलं होतं. तेरच्या सुभद्राबाई लगेच तयार झाल्या होत्या.

तेर हे तेरणा नदीकाठचं मोठं गाव. इतकं जुनं, की नांगर लावला तरी काहीतरी वर येतं असं लोक सहज सांगतात. सुभद्राबाई दुपारी शेतात भेटणार होत्या, म्हणून आधी विटांचं जुनं देऊळ पाहिलं, मग संग्रहालय. तिथं एका कपाटात मणी आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे मांडले होते. समुद्रापासून इतक्या आत, या काळ्या जमिनीत, शंख. मी लहानपणी दाभोळच्या किनाऱ्यावर वेचायचे तसले. किती शतकांपूर्वी कुणी बैलाच्या पाठीवरून हे इथं आणलं असेल, या विचारानं मी अशी हरखून गेले, की रेहानाला माझा हात ओढून मला बाहेर काढावं लागलं.

सुभद्राबाई साठीच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. नदीच्या अंगाला त्यांचं चांगलं ऐसपैस रान. त्या आराधीण आहेत, देवीची गाणी म्हणतात, मंगळवारी आणि शुक्रवारी जोगवा मागतात, असं रेहानानं वाटेत सांगितलं होतं. त्यांनी आम्हाला हुरड्यालाच बोलावलं होतं. शेतातच खड्डा करून गोवऱ्यांचा विस्तव केलेला, त्यात कोवळी कणसं भाजून सुभद्राबाई हातावर चोळत होत्या आणि हिरवे गरम दाणे आमच्यापुढं टाकत होत्या. बरोबर चटणी, दही आणि गूळ. आमच्याकडं पाहुण्याला आधी पाणी विचारतात, नंतर कामाचं. इथं खाणं पुरं झाल्याशिवाय कामाचं बोलणंच निघत नाही. मी दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा माझ्या हातावर आणखी हुरडा पडला. माझ्या पांढऱ्या कुडत्यावर दहाही बोटांची काजळी उमटली.

शेवटी आम्ही शेतातल्या खोलीशी आलो. त्यांना आधी खोकला होता तेव्हा एक्स-रे काढला होता, आता काही त्रास नाही, हे डॉक्टरांकडून कळलंच होतं. मला आणखी काही सुचेना. मग म्हटलं, निदान यंत्रापुढं कशा उभ्या राहिला होतात ते तरी दाखवा. कुणी वाकडं उभं राहिलं असेल, कुणी हललं असेल, एवढाच माझा विचार होता.

सुभद्राबाईंना मौज वाटली. खोलीच्या पत्र्याच्या दाराला छाती लावून, हनुवटी वर करून त्या उभ्या राहिल्या. मग काहीतरी विसरल्यासारखं त्यांनी एक हात पदराखाली घातला, गळ्यातून काहीतरी ओढलं आणि मानेवरून मागं टाकलं. पदर सरकला होता. त्यांच्या पाठीवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना, दोऱ्यात अंतराअंतरानं ओवलेल्या कवड्या रुळत होत्या.

मी आणि रेहानानं एकदमच एकमेकींकडं पाहिलं. गेले कित्येक महिने ज्या ठिपक्यांनी माझी झोप उडवली होती, ते माझ्यापुढं पाठ करून उभे होते, आणि तेही माझ्या समुद्रातले. कवडीचं कवच हाडासारखंच एक्स-रे अडवतं आणि फिल्मवर पांढरं उमटतं.

"ही मागं का टाकली?" मी विचारलं.

"त्यांनीच सांगितलं न्हवं, छातीवर काय ठिवू नका म्हणून," सुभद्राबाई म्हणाल्या. "मग टाकली पाठीवर."

"काढून बाजूला ठेवायची होती."

त्यांनी माझ्याकडं जरा कीव करूनच पाहिलं. "आईची माळ हाय बाई ही. कुठंबी टाकून चालत न्हाय. उतरवायची तर परडीतच. तितं दवाखान्यात परडी कुठली?"

परडी म्हणजे वेताची उथळ टोपली, आराधिणी जोगवा मागताना हातात धरतात ती. सगळा उलगडा झाला. मान्यांनी सांगितलं ते या बायकांनी तंतोतंत पाळलं होतं आणि देवीचंही पाळलं होतं. मी सुभद्राबाईंना मिठीच मारली. हुरड्याची काजळी त्यांच्या लुगड्यालाही लागली, पण त्या हसत होत्या.

पुन्हा धाराशिव

खात्री करून घ्यायची होती, पण धडधाकट माणसाचा उगाच पुन्हा एक्स-रे काढणं मला मान्य नाही. मग सुभद्राबाईंनीच तोड काढली. म्हणाल्या, माझ्याशिवाय माळेचाच काढा की. दुसऱ्या दिवशी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, परडी पदराखाली घेऊन एस.टी.तून उतरल्या तेव्हा मला लहान मुलीसारखा आनंद झाला.

त्यांनी हळदकुंकू वाहून माळ परडीत उतरवली. मान्यांनी परडी पाटीवर ठेवली. ठेवताना त्यांनी पायातल्या चपला दाराशी काढल्या, हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नसावं. फोटो उमटला. काळ्या फिल्मवर एकेक कवडी, अंगावर असताना हाडामांसात हरवणारी तिची दातेरी फटसुद्धा स्पष्ट. मग आमच्याकडं येतात तसाच, फिल्म खिडकीला धरून फोननं धूसर फोटो काढला, आणि तो रेहानानं लॅपटॉपवर आमच्या प्रोग्रामला दाखवला. दातेरी फटी नाहीशा झाल्या, लांबट ठिपके उरले, आणि आमच्या शहाण्या प्रोग्रामनं एकूणएक कवडीभोवती इमानेइतबारे चौकट काढली. मी पोट धरून हसले.

सुभद्राबाई लॅपटॉपच्या पडद्याकडं बघत राहिल्या. मग हात जोडून म्हणाल्या, "आईचा बी फोटू निघाला की." निघताना मान्यांना त्यांनी बजावलं की इथं एक परडी आणून ठेव, म्हणजे बायकांना मोकळ्या मनानं उभं राहता येईल. माने त्याच आठवड्यात परडी आणतो म्हणाले.

नळदुर्ग

धाराशिवहून नळदुर्गला जाताना तुळजापूर वाटेतच लागतं, तेव्हा नारळांचं ओझं जागच्या जागी पोचलं. बाजारात दुकानादुकानावर कवड्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. तिथं आधी गेले असते तर पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं असतं. कॉलेजातल्या लोकांना हे सांगायचं नाही असं मी ठरवलं, पण आता लिहूनच टाकलं.

मी उड्या मारत होते आणि रेहाना मागं मागं चालत होती. नळदुर्गच्या किल्ल्यात, बंधाऱ्याच्या पोटात बांधलेल्या पाणी महालाच्या पायऱ्या उतरताना माझ्या चपलेचा पट्टा तुटला, तेव्हा कुठं ती बोलती झाली. एका पायात चप्पल घालून मी तिला सांगत होते की हाच तुझा प्रस्ताव, याच्यापेक्षा तुझं आणखी काय असणार. ती कठड्यावर बसली.

"मॅडम, समिती हसेल," ती म्हणाली. "एक परडी ठेवली की प्रश्न संपला, असं म्हणतील. आणि खरंच संपला की."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मुलाखत पुढच्याच आठवड्यात होती आणि तिच्याकडं मांडायला काही नाही, हे मला पहिल्यांदाच जाणवलं.

त्यांचं घर हायवेला लागून, पुढं तिच्या अब्बांचं टायरचं दुकान. हैद्राबादकडं जाणारे ट्रक दारातून धडधडत जातात. अब्बांनी माझी चप्पल बघितली, आत नेली आणि ट्यूबचा तुकडा लावून परत आणली. तो पट्टा अजून टिकला आहे. आत अम्मींनी दालचा-खाना केला होता. दुधीचे मोठाले तुकडे घातलेली मटणाची आंबटसर डाळ आणि मोकळा भात. चार दिवस भाकरी खाल्लेल्या कोकणी माणसाला भात दिसल्यावर काय होतं ते कोकणी माणसालाच कळेल.

जेवताना मी अम्मींना माळेची गोष्ट रंगवून सांगितली. त्यांना मराठी सगळं समजतं, पण बोलायचं म्हटलं की दख्खनी येते. त्यांनी ऐकून घेतलं आणि सहज गळ्याशी हात नेला. काळ्या दोऱ्यात पत्र्याच्या पेटीतला ताईत होता.

"मैं बी वैसाच की थी," त्या म्हणाल्या. "छाती पो नक्को बोले ना वो लोगां, तो खांदे पो डाल्के खडी रही. उतारनेका नै, बोलके बांधे सो है."

रेहानाच्या हातातला घास तसाच राहिला. "अम्मी, ही कधीची गोष्ट?" अम्मींना ते काही विशेष वाटत नव्हतं. त्यांच्या दोन्ही बहिणींनीही तसंच केलं होतं. एकीनं तर केसांच्या अंबाड्यात खोचला होता. अम्मी एकेकीचं सांगत गेल्या आणि रेहानाचे डोळे चमकायला लागले. ताट बाजूला सारून, हात न धुताच तिनं डाव्या हातानं लॅपटॉप उघडला. अम्मी रागावल्या. मला मात्र असं वाटलं की या मुलीला आता कुणी अडवू शकणार नाही.

पुणे

ज्याच्याकडं उमेदवार येऊ बघतो त्या मार्गदर्शकाला मुलाखतीच्या वेळी खोलीत बसता येत नाही, असा नियम आहे. चांगला नियम आहे, पण त्या दिवशी मला तो मुळीच आवडला नाही. दाराबाहेरच्या बाकावर मी मान्यांच्या सेंटरमधल्या बायकांसारखी श्वास धरून बसले होते. बराच वेळ आतून नुसती कुजबुज येत होती. मग एकाएकी सगळे मोठ्यानं हसले.

रेहाना म्हणाली होती तसंच झालं, असं वाटलं. तिला मी या भरीला घातलं होतं. आता बाहेर आल्यावर काय बोलावं याची जुळवाजुळव मी करायला लागले.

ती बाहेर आली तेव्हा रडत होती की हसत होती ते मला पटकन कळेना. तिनं माझा हात धरला आणि व्हरांड्यातच सगळं सांगितलं.

मोठ्या सरांनी प्रस्ताव शेवटपर्यंत वाचला होता आणि तिला भीती होती तोच प्रश्न विचारला होता. एक्स-रे काढण्याच्या जागी परडी ठेवा, काम झालं, यात संशोधन कशाला? रेहाना म्हणाली, "सर, परडी धाराशिवला चालेल. माझ्या आईला ती चालणार नाही, तिचा ताईत आहे. पुढच्या गावात आणखी काही असेल. सगळ्यांनी गळ्यातलं उतरवायची वाट बघायची, की लोक काय घालतात ते यंत्राला शिकवायचं? मला ते शिकवायचं आहे."

सरांनी टाय सैल केला, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि आतून काळा दोरा बाहेर ओढला. दोऱ्याला एकच पिवळी पडलेली कवडी होती. वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी बसणाऱ्या माणसांनी ती कधी पाहिली नव्हती. मी बाहेर ऐकलं ते हसू तेव्हाचं.

सर स्वतः हसले नाहीत. त्यांनी तिच्या प्रस्तावावर सही केली, कागद तिच्या हातात दिला आणि कवडी पुन्हा शर्टाच्या आत सोडत म्हणाले, "मागच्या महिन्यात माझाही एक्स-रे काढला. मीसुद्धा पाठीवरच टाकली होती."